अण्णांच्या ओटीवर नेटवर्क आणताना

आमच्या घरी फोनवर बोलायची जागा ठरलेली होती. खळ्याच्या पूर्वेला, फणसाच्या बुंध्यापासून चार पावलं पुढे. तिथे उभं राहून तोंड सड्याकडे, म्हणजे वरच्या कातळपठाराकडे केलं की फोनवर दोन दांड्या यायच्या. पावसात छत्री धरून, उन्हात डोक्यावर टॉवेल टाकून माझे वडील, अण्णा, तिथे उभे राहून बोलायचे. राजापूर तालुक्यात, अर्जुनेच्या खोऱ्यात आमची वाडी आहे. टॉवर वर सड्यावर, घर खाली उतारावर आणि मध्ये डोंगराचं नाक आडवं आलेलं. त्याबद्दल इतकी वर्षं कुणाची तक्रार नव्हती. फोन म्हणजे बोलणं, आणि बोलणं फणसाखाली होत होतं.

२०२५च्या गणपतीत ते पुरेनासं झालं.

अण्णा एसटीत ड्रायव्हर होते. त्यांना भविष्य निर्वाह निधीची, म्हणजे ईपीएस-९५ची पेन्शन आहे. रक्कम थोडी, पण हक्काची. ती चालू राहायची तर वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. दरवर्षी ते राजापूरला जाऊन तो देत. त्या वर्षी दोन्ही गुडघे गेलेले, एसटीची पायरी चढवेना. मोबाइलवर ‘जीवन प्रमाण’ आणि ‘आधार फेस आरडी’ ही दोन ॲप घातली की घरबसल्या चेहरा दाखवून दाखला देता येतो, हे मला माहीत होतं. दाखल्याची मुदत डिसेंबरात संपत होती, पण गणपतीला सगळे घरी आहोत तर उरकून टाकू, असं मीच म्हटलं.

अण्णांचा फोन सात वर्षांपूर्वीचा, दोन जीबी रॅमचा. चेहऱ्याचं ॲप उघडायचं आणि आपोआप बंद व्हायचं. मग माझ्या फोनवर लावलं. माझा चेहरा ऑपरेटर म्हणून घेतला गेला, अण्णांचा पेन्शन नंबर टाकला, त्यांच्या चेहऱ्याभोवती गोल आला, आणि पुढे चाक फिरत राहिलं. ओटीवर, पडवीत, शेवटी त्यांना हाताला धरून फणसाखाली नेलं, तिथेही तेच. सात-आठ वेळा केल्यावर अण्णा म्हणाले, “राहू दे बाय. मी जिवंत आहे हे त्यांना डिसेंबरात सांगू.” मग ते आत जाऊन पडले. मला रात्री झोप लागली नाही.

गणपतीत नेट का मरतं, ते वाडीत सगळ्यांना कळतं. चाकरमानी आले की माणसं दुप्पट-तिप्पट होतात आणि टॉवर तोच राहतो. टॉवरकडे जेवढा वेग असेल तो त्या क्षणी वापरणाऱ्या सगळ्यांत वाटला जातो. आरतीचे व्हिडिओ पाठवायची वेळ संध्याकाळची, तेव्हा मी वेग मोजला तर ०.४ एमबीपीएस भरला. हे सेकंदाला मेगाबिट, मेगाबाइट नव्हे. आठ बिट मिळून एक बाइट होतो, म्हणजे २ एमबीचा एक फोटो यायला ४० सेकंद, आणि पाठवायचा वेग तर त्याहून कमी. पण विसर्जनानंतर गाव रिकामं झाल्यावरही मोजलं, तेव्हा ओटीवर जेमतेम १. म्हणजे दोष फक्त गर्दीचा नव्हता.

मग मी वहीचा कागद घेऊन घरभर फिरले. फोनच्या सेटिंगमध्ये ‘फोनविषयी’ यात सिमच्या स्थितीखाली सिग्नलचा आकडा असतो, उणे चिन्हाचा, डीबीएममध्ये. दांड्यांवर विसंबू नये, प्रत्येक कंपनीचा फोन त्या आपल्या हिशेबाने दाखवतो. ४जीवर आकडा उणे ९०च्या आसपास असेल तर उत्तम, उणे १०५पर्यंत निभावतं, उणे ११५च्या खाली गेलं की नुसती धडपड. आमच्या घरचे आकडे असे आले: फणसाखाली उणे १०६, ओटीवर उणे ११६, पडवीत उणे ११८, माजघरात ‘सेवा नाही’. चिऱ्याच्या जाड भिंती आहेत, त्यामुळे माजघराचं नवल वाटलं नाही. पण फणस आणि ओटी यांत दहाचा फरक दिसला, तेव्हा मी थांबले. दहा डीबी म्हणजे ताकद दहापट कमी. वीस पावलांत दहावा हिस्सा! अण्णा इतकी वर्षं त्याच जागी का उभे राहत होते, ते त्या कागदावर लिहिलेलं होतं.

हे सगळं मी न्यू जर्सीला दादाला फोनवर सांगितलं. त्याला फार लागलं. त्याने स्वतःचा फोन, ५जी, वर्षभर वापरलेला पण काचेलाही ओरखडा नसलेला, पुण्याला येणाऱ्या एका मित्राबरोबर पाठवला. मी पुण्यात माझं सिम घालून बघितलं. लगेच ५जी आलं, वेग ३००च्या पुढे. मला वाटलं, झालं काम. शनिवारी फोन घेऊन गावी गेले, अण्णांचं सिम त्यात घातलं, आणि पुन्हा तेच. ४जीची एक दांडी, ओटीवर उणे ११६. वर आणखी एक त्रास झाला. कॉल आला की ४जी जाऊन २जी यायचं आणि बोलणं संपेपर्यंत नेट बंद. जुन्या फोनवर असं होत नव्हतं.

त्याच वेळी शेजारच्या घरातला कॉलेजात जाणारा मुलगा आमच्या खळ्यात उभा राहून खुशाल व्हिडिओ बघत होता. त्याच्या फोनवर ५जी लिहिलेलं. त्याचं सिम दुसऱ्या कंपनीचं. मी त्याला म्हटलं, दोन मिनिटं सिम दे. ते दादाच्या फोनमध्ये घातलं तर ५जी नाही, नुसतं ४जी. कॉल लावला तर लागलाच नाही. सिम परत त्याच्या फोनमध्ये घातलं तर तिथेच, त्याच पावलावर, पुन्हा ५जी. त्याचा फोन दादाच्या फोनपेक्षा चौपट स्वस्त असेल.

ही अदलाबदल मी आधी केली असती तर दादाचा फोन समुद्र ओलांडून आणावा लागला नसता. असं का झालं ते पुढे शोधून काढलं आणि आता ते पक्कं समजलंय.

५जी म्हणजे एकच लहर नसते. भारतात १ ऑक्टोबर २०२२ला ५जी सुरू झालं, ते मुख्यतः दोन पट्ट्यांवर. एक ३३०० मेगाहर्ट्झचा, फोनच्या भाषेत एन७८. तो रुंद आहे, वेग भरपूर देतो, पण लांब जात नाही आणि भिंतीपुढे नमतो. शहरांत मुख्यतः तोच असतो. दुसरा ७०० मेगाहर्ट्झचा, एन२८. तो अरुंद, वेग बेताचा, पण दूरवर पोचतो, डोंगराच्या कडेवरून थोडा वळतो, भिंतीतूनही आत शिरतो. आमच्या सड्यावरच्या टॉवरवर त्या दुसऱ्या कंपनीचं ५जी याच ७००वर होतं. दादाचा फोन अमेरिकेतल्या मॉडेलचा. तिथल्या कंपन्यांचे पट्टे वेगळे, म्हणून त्यात एन७८ होता पण एन२८ नव्हताच. पुण्यात चालला तो एन७८मुळे.

अण्णांना हे सांगताना मी ७०० आणि ३३०० असे आकडे म्हणत होते, तर त्यांनी मला मध्येच थांबवलं. म्हणाले, “म्हणजे एक हायवे आणि एक घाटरस्ता. हायवेवर गाडी पळते, पण तो आपल्या दारात येत नाही. दारात येतो तो घाटरस्ताच.” उभ्या आयुष्यात दोन्हींवर गाडी चालवलेल्या माणसाचं हे बोलणं आहे, मला त्याहून नीट सांगता आलं नसतं.

कॉलचं कारण निराळं. ४जीवरून आवाज जाण्यासाठी व्होल्टी लागतं, आणि फोनमध्ये व्होल्टी असून भागत नाही, त्या मॉडेलवर त्या कंपनीसाठी ते चालू केलेलं असावं लागतं. बाहेरदेशी विकल्या गेलेल्या फोनवर आपल्याकडच्या कंपन्यांसाठी ते पुष्कळदा बंदच असतं. जिथे २जी शिल्लक आहे तिथे कॉल २जीवर घसरतो, जिथे २जी नाहीच तिथे कॉल लागतच नाही. परदेशातून माया म्हणून फोन पाठवणारे आपल्याकडे घरोघरी आहेत, त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितेय. फोन पाठवण्याआधी सेटिंगमधून त्याचा पूर्ण मॉडेल नंबर घ्या, कंपनीच्या संकेतस्थळावर त्या नंबरापुढचे पट्टे वाचा. नाव तेच असतं, पण अमेरिकेतलं मॉडेल आणि भारतातलं मॉडेल यांत पट्टे वेगळे असतात.

नवीन फोन घ्यायचा ठरला. राजापुरातल्या दुकानात विचारलं, “यात एन२८ आहे का?” दुकानदार म्हणाला, “ताई, ५जी आहे, सगळीकडे चालतो.” खोक्यावर मोठ्या अक्षरात ५जी होतं, पट्ट्यांचा उल्लेख कुठेही नव्हता. मी तिथेच मॉडेल नंबर शोधून वाचला. पहिल्या फोनमध्ये मोजकेच पट्टे, त्यांत २८ नाही. दुसऱ्यात एन१, एन३, एन५, एन८, एन२८, एन४०, एन७८ असे सगळे होते, शिवाय ‘एसए’, म्हणजे स्वतंत्र ५जी, असं लिहिलेलं. हे एसएसुद्धा बघावं लागतं. काही नेटवर्कचं ५जी ४जीच्या आधारावर चालतं, काहींचं स्वतंत्र, आणि फोनला स्वतंत्र ५जी जमत नसेल तर तिथे तो ४जीवरच राहतो. दोन्ही फोनच्या किमतीत सातशे रुपयांचा फरक होता. दुकानदाराने आधी स्वस्तातला काढला होता, फसवायला नव्हे, त्याला हे कुणी कधी विचारलंच नव्हतं. मी त्याला माझा कागद दाखवला. त्यानेही तो नीट वाचला आणि त्याचा फोटो काढून ठेवला.

आता सिम. नंबर बदलायचा नव्हता, पेन्शनला, आधारला, बँकेला तोच जोडलेला. म्हणून पोर्ट, म्हणजे नंबर तोच ठेवून त्या दुसऱ्या कंपनीत जायचं. अण्णांचा नंबर मी मुंबईत होते तेव्हा मीच घेऊन दिलेला, मुंबई सर्कलचा. दूरसंचारच्या नकाशात मुंबई वेगळी आणि उरलेला महाराष्ट्र गोव्यासह वेगळा. कोकणात घरटी एक तरी मुंबईचा नंबर निघेल. २०१५पासून देशभर कुठल्याही सर्कलमध्ये नंबर नेता येतो, तेवढं सोपं झालंय, पण त्याच सर्कलमध्ये तीन कामाचे दिवस लागतात तिथे सर्कल बदलताना पाच लागतात. अण्णा फणसाखाली उभे राहिले आणि १९००वर पोर्ट लिहून, पुढे नंबर घालून संदेश पाठवला. आठ अक्षरांचा कोड आला. तो चार दिवसच चालतो, म्हणून दुसऱ्याच दिवशी शेजारच्यांच्या रिक्षाने त्यांना राजापूरला नेलं. चेहरा दाखवायला तिथे त्यांनाच जावं लागतं. मधले दिवस जुनं सिम चालू होतं. सहाव्या दिवशी सकाळी त्यावर ‘सेवा नाही’ आलं, नवीन घातलं, आणि नंबर जागा झाला.

५जी आलं नाही.

मी पुण्यात होते. अण्णा फोनवर सांगत होते, “४जी लिहिलंय गो.” शेजारच्या मुलाला बोलावून सेटिंग बघायला लावली, ५जी चालू होतं. मग रिचार्ज विचारलं. पोर्ट करताना दुकानात २९९चं मारलेलं, २८ दिवस, रोज दीड जीबी. तिथेच अडलेलं. या कंपनीत पूर्वी २३९पासून वरच्या सगळ्या रिचार्जवर ५जी मिळत होतं. जुलै २०२४मध्ये दर वाढले, आणि तेव्हापासून अमर्याद ५जी फक्त रोज २ जीबी किंवा त्याहून वरच्या रिचार्जवर राहिलं. म्हणजे २८ दिवसांसाठी ३४९पासून पुढे. टॉवर जुळला, फोन जुळला, आणि आता पन्नास रुपयांनी अडलो.

मी मोबाइलवरून ३४९चं मारलं. दहा-पंधरा मिनिटांनी अण्णांचाच व्हिडिओ कॉल आला. ओटीवरून. मागे खांबाला टांगलेली सुपारीची पोफळं स्पष्ट दिसत होती.

त्या रात्री मी हिशेब मांडला. २८ दिवसांचं रिचार्ज म्हणजे वर्षाला बारा नव्हे, तेरा. २९९ने ३,८८७ होतात, ३४९ने ४,५३७. अण्णांच्या पेन्शनीत साडेसहाशे रुपये लहान नाहीत. आणि हेच ३४९ मीही पुण्यात भरते. मला कोपऱ्याकोपऱ्यावर टॉवर, ३००चा वेग, लिफ्टमध्येसुद्धा नेट. अण्णांना ओटीवर ३८, माजघरात कसंबसं, आणि वीज जाऊन टॉवरची बॅटरी उतरली की काहीच नाही. दर एकच. हे मला पटत नाही. ज्याच्या दारात बँक आहे, दवाखाना आहे, त्याच्यासाठी नेट ही सोय आहे, पण गुडघे गेलेल्या माणसाला वाडीत तेच नेट म्हणजे बँकेची आणि दवाखान्याची वाट आहे. त्या वाटेचे पैसे त्याने जास्त का मोजावेत? नेट कमी मिळतं तिथे पहिल्या पायरीवरच ५जी द्यायला हवं, असं माझं ठाम मत झालंय.

हिशेब काढलाच होता म्हणून आईचाही फोन बघितला. तिचा बटणाचा फोन, नेटशी संबंध नाही. त्यावर दर २८ दिवसांनी १९९चं रिचार्ज जात होतं, त्यात डेटा धरलेला, जो तिने एक थेंबही कधी वापरला नाही. डिसेंबर २०२४मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, नियम केला की प्रत्येक कंपनीने फक्त बोलणं आणि संदेश यांचं वेगळं रिचार्ज दिलंच पाहिजे, आणि जानेवारी २०२५पासून तशी रिचार्ज आली. आईच्या कंपनीचं ८४ दिवसांचं ४६९ला निघालं. तीनदा १९९ म्हणजे ५९७. एका खेपेला १२८ रुपये वाचले. आईला सांगितलं तर ती म्हणाली, “मग आधी का नाही केलंस?” त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ॲप उघडलं की वरती महागडी रिचार्ज दिसतात आणि हे बरंच खाली सरकवल्यावर सापडतं, एवढंच मी सांगू शकले.

एकदा मात्र पुन्हा पंचाईत झाली. नोव्हेंबरात एका संध्याकाळी टॉवरचं ५जी काही तास बंद होतं, फोन ४जीवर आला, आणि फोटोंची आपोआप साठवण चालू राहिल्याने रोजचे २ जीबी रात्री आठलाच संपले. अमर्याद असतं ते ५जी, ४जीला रोजची मर्यादा असतेच. मर्यादा संपली की वेग ६४ केबीपीएस. त्या वेगाने १ एमबी यायला दोन मिनिटांहून जास्त वेळ लागतो. अण्णा बँकेचा जमाखर्च बघायला बसले होते, पान उघडेना, आणि त्यांना वाटलं पैसेच गेले. मी फोनवरून समजावलं, पण आवाजातली घाबरगुंडी रात्रभर डोक्यात राहिली. पुढच्या खेपेला गेले तेव्हा फोटोंची साठवण बंद केली, ॲपांचे आपोआप होणारे अपडेट बंद केले, आणि रोजचा शिल्लक डेटा कुठे बघायचा ते त्यांना तीन वेळा करून दाखवलं. चौथ्या वेळी त्यांनी मला दाखवलं.

नवीन सिमचे आकडेही त्याच कागदावर खाली लिहिले. फणस उणे ९४, ओटी उणे १०१, पडवी उणे १०३, माजघर उणे ११२.

दाखला डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात झाला. ओटीवर, झोपाळ्यावर बसून, सकाळी नऊला, टॉवरवर गर्दी नसताना. अण्णांनी आंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घातला होता, खाकी नव्हे, पांढरा. चष्मा काढायला सांगितला. मी ऑपरेटर म्हणून आधी माझा चेहरा दिला, मग फोन त्यांच्यासमोर धरला. उजेड मागून येत होता म्हणून झोपाळा थांबवून त्यांना खळ्याकडे तोंड करून बसवलं. गोल हिरवा झाला. “डोळे मिटा आणि उघडा,” मी वाचून दाखवलं. त्यांनी डोळे मिटले ते मिटलेच, देवापुढे मिटावेत तसे. मी म्हटलं, “अण्णा, उघडा.” उघडले. चाक फिरलं, एकदा, दोनदा, आणि दाखल्याचा नंबर समोर आला. मागोमाग फोनवर संदेशही वाजला.

त्यांनी तो नंबर कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात पेनाने उतरवला. शेजारी पुढच्या रिचार्जची तारीख आधीच लिहिलेली होती, ३४९ असा आकडा घालून. मग दादाला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते, दादा अंथरुणात होता. “झालं रे,” अण्णा म्हणाले, आणि फोन उलटा करून त्याला फणस दाखवला.